एफएमवर जाहिरात: आवाजाला चार स्टार, विकणाऱ्या माणसांच्या हिशोबाला दीड

रेटिंग आधीच देऊन टाकतो, म्हणजे ज्यांना लांबण वाचायची नाही त्यांनी इथूनच सुटावं. जाहिरातीचा परिणाम, चार स्टार. आरजे आणि स्टुडिओचं काम, चार. बिलं, लॉग (म्हणजे जाहिरात कधी कधी वाजली त्याची नोंद), कागदपत्रं, तीन. आणि स्टेशनचा जो माणूस आपलं अकाऊंट बघतो तो टिकणं, दीड, तेही जरा सणासुदीचं म्हणून. एकूण तीन स्टार टाकतोय पण भांडण सगळं त्या दीडवरच आहे, कारण माझ्या मते एफएमवर आपण जे विकत घेतो त्यातला अर्धा माल तो माणूसच असतो आणि स्टेशनवाल्यांना हे अजून कळलेलं दिसत नाही.

आमचं नाशकात मेनरोडच्या बाजूला साड्यांचं दुकान, वडिलांच्या वेळेपासूनचं. लग्नाचे बस्ते, पैठणी, सहावारी नववारी, आहेराच्या साड्या असं सगळं. पेपरला जाहिरात आधीपासून होती, एफएम नंतर सुरू केलं आणि बऱ्यापैकी सातत्याने करतोय. शहरात मिर्ची ९८.३ आहे, रेड ९३.५ आहे, आणखी आहेत, आकाशवाणी १०१.४ वर आहेच आणि कम्युनिटी रेडिओमध्ये विश्वास ९०.८. मी कुठल्या स्टेशनबद्दल बोलतोय ते सांगणार नाही, विचारूही नका. बाजारात चार दुकानदार एकत्र बसले की प्रत्येकाची कहाणी थोड्याफार फरकाने हीच निघते, वेगवेगळ्या स्टेशनांची, त्यामुळे एकाचं नाव घेऊन बाकीच्यांना सोडण्यात अर्थ नाही.

आधी चांगलं सांगतो. एफएम चालतं. पहिल्यांदा घेणाऱ्यांसाठी थोडक्यात: वेळ दहा सेकंदाच्या मापात विकतात, त्याला ते एफसीटी म्हणतात. स्वस्तातला प्रकार आरओडीपी, म्हणजे दिवसभरात त्यांना जिथे भोक सापडेल तिथे तुमचा स्पॉट टाकणार. सकाळ-संध्याकाळचा प्राइम टाइम महाग. मग आरजे मेन्शन, टाइम चेक, शोची स्पॉन्सरशिप, दुकानासमोर व्हॅन आणून गोंधळ घालणं, वगैरे. वर १८ टक्के जीएसटी, पेपरच्या जाहिरातीला ५ टक्के आहे हे ध्यानात ठेवा, क्रेडिट मिळतं पण पैसे आधी जातात ना खिशातून. रेट कार्ड म्हणून जे दाखवतात ते कुणीच देत नाही, तेवढं तरी मेनरोडवर कुणाला शिकवायला नको. आधार म्हणून एक आकडा सांगतो, सरकारने स्वतःच्या जाहिरातींसाठी एफएमचा दहा सेकंदाचा बेस रेट २०२३ मध्ये ५२ वरून ७४ रुपये केला. खासगी दुकानदाराला यापेक्षा कमी पडतं का जास्त ते शहर, स्टेशन, सीझन आणि समोर बसलेला माणूस यावर.

तर समोर बसलेला माणूस. इथेच खरा रिव्ह्यू सुरू होतो.

आमच्याकडे स्टेशनच्या सेल्सची एक मुलगी यायची, नाव लिहीत नाही. पहिल्यांदा आली तेव्हा लग्नसराईची गर्दी होती, मी म्हणलं आत्ता वेळ नाही, तर म्हणाली "काही हरकत नाही सर, मी बसते इथे", आणि खरोखर गादीच्या कडेला बसून राहिली. बसून काय केलं तर गिऱ्हाईक बघितलं. कुठून आले, कोण कोण आले, पैसे कोण देतंय, नाही म्हणायचा अधिकार कुणाकडे आहे. नंतर मला विचारते, "काका, बस्त्याला येणारे निम्मे लोक सिन्नर, दिंडोरी, ओझरकडून गाडी करून येतात ना?" येतातच. "मग तुम्ही सकाळी आठला ऑफिसला जाणाऱ्यांना कशाला साडी ऐकवताय? शनिवार-रविवारी नऊ ते अकरा घ्या, तेव्हा अख्खं कुटुंब एका गाडीत असतं आणि कुठल्या दुकानात आधी जायचं यावर वाद चालू असतो." अहो, इतकी वर्षं आम्ही प्राइम टाइमचे पैसे भरत होतो, आधीच्या कुणी हे बोललंच नव्हतं, कारण प्राइम टाइम विकला की बिल मोठं होतं.

पुढे तिने स्पॉट लिहिला तोही मजेशीर. आमच्याकडे काऊंटरला एक मामा आहेत, जुने सेल्समन, गिऱ्हाईक दुकानात शिरताना माझं नाव घेत नाही, "मामा आहेत का?" असंच विचारतं. तिने मामांना स्टुडिओत नेलं. मामा आधी लाजले, मग माईकसमोर जसे गादीवर बोलतात तसेच बोलले, "ताई, रंग नंतर बघा, आधी पदर बघा". वीस सेकंदाचा स्पॉट. त्या सीझनला दुकानात येऊन लोक मामांना म्हणायचे "तुमचा आवाज ऐकला गाडीत". मोजमाप काय म्हणाल तर हेच मोजमाप, कारण रेडिओ कोण किती ऐकतं हे मोजायची जी रॅम नावाची सिस्टीम होती ती मुंबई, दिल्ली, बेंगळुरू आणि कोलकाता या चारच शहरांत. नाशिकसारख्या गावात स्टेशनवाला जो आकडा सांगेल तो ऐकायचा आणि मान डोलवायची. म्हणजे बघा, हातात धरता येत नाही असा माल, त्याचं वजन करायचा काटा नाही, खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या द्यायला परवानगी नाही म्हणून सगळ्या स्टेशनांवर कमी-जास्त तीच गाणी आणि त्याच गप्पा, आणि असा माल तुम्ही विकायला देताय कुणाच्या हातात, तर कॉलेजमधून नुकत्याच बाहेर पडलेल्या, सहा महिन्यांत पळून जाणाऱ्या पोरांच्या.

ती मुलगी गेली. रिअल इस्टेटमध्ये, गंगापूर रोडच्या एका बिल्डरकडे. तिच्यानंतर आला तो मुलगा स्वभावाने बरा होता पण पहिलाच मेसेज व्हॉट्सअॅपवर, सोबत पीडीएफ, "सर बजेट क्या है". मराठी पोरगा, नाशिकरोडचा, तरी हिंदीत. त्याच्यानंतर कोण आलं ते मला आठवतही नाही, एक तर फक्त फोनवरच ओळखीचा होता, कधी दुकानात पायच ठेवला नाही. त्याच काळात आमचा दिवाळी ऑफरचा स्पॉट भाऊबीज उलटून गेल्यावरही वाजत राहिला, कारण जुन्या माणसाने नवीन माणसाला सांगितलं नाही आणि नवीन माणसाने ट्रॅफिकला, म्हणजे त्यांच्या शेड्यूल लावणाऱ्या डिपार्टमेंटला, कळवलं नाही. गिऱ्हाईक येऊन ऑफर मागतंय आणि आम्ही हात जोडतोय. बदली स्पॉट दिले नंतर, ते कधी, तर जेव्हा बाजारात कुत्रं फिरत नाही त्या दिवसांत.

आता लोक म्हणतील पोरं काय, आजकालची टिकतच नाहीत. मला हे पटत नाही. मी स्वतः सेल्समन ठेवून दुकान चालवतो, मला माहितीय माणूस कशाने टिकतो. आणि त्या मुलीशी चहावर, नंतरच्यांशीही, जे बोलणं झालं त्यातून त्यांच्या पगाराची जी रचना कळली ती ऐकून मी मामांना म्हणलं, असा हिशोब मी तुम्हाला लावला असता तर तुम्ही दुसऱ्या दिवशी समोरच्या दुकानात गेला असता. मामा म्हणाले त्याच दिवशी.

रचना अशी. फिक्स पगार, तो नवीन पोराला बरा वाटेल इतपत, लग्न झालेल्या माणसाला अपुरा. त्यावर इन्सेंटिव्ह. पण इन्सेंटिव्ह पहिल्या रुपयापासून नाही, टार्गेटच्या ठराविक टक्क्यांच्या वर गेलात तर. समजा टार्गेट महिना चार लाखाचं आणि पट्टी ८० टक्क्यांवर, म्हणजे तीन लाख वीस हजार. एखाद्याने तीन लाख दहा हजाराचा धंदा आणला, तर त्याला इन्सेंटिव्ह किती? शून्य. आणि ज्याने काहीच आणलं नाही त्यालाही शून्य. मग पंचवीस तारखेला ज्याला कळलं की आपण पट्टीला पोचत नाही तो काय करणार? तो मला फोन करणार, "काका, हा आरओ एक तारखेला द्या ना प्लीज." मी कितीदा ऐकलंय हे. आरओ म्हणजे रिलीज ऑर्डर, जाहिरात वाजवायची आमची लेखी ऑर्डर, ती पुढच्या महिन्यावर ढकलायची म्हणजे त्याला पुढच्या महिन्यात चांगली सुरुवात. त्याची सोय होते, माझी जाहिरात मात्र उशिरा सुरू होते. उलटंही होतं. २०२५ चा पाडवा ३० मार्चला आला होता, म्हणजे वर्षाचं टार्गेट बंद व्हायच्या आदल्या दिवशी. त्या महिन्यात स्टेशनचा प्रत्येक माणूस प्रत्येक दुकानदाराच्या मागे, एप्रिलचं पण आत्ताच बिल करा, अक्षय्य तृतीयेचं आत्ताच करा, बोनस स्पॉट डबल देतो, जे मागाल ते. अक्षय्य तृतीया ३० एप्रिलला होती, महिनाभर पुढे, तोवर ते बोनस स्पॉट कुठे गेले देव जाणे. दोष त्या पोरांचा नाही हो, ज्याने पट्टी आखली त्याचा.

दुसरी गंमत वसुलीची. इन्सेंटिव्ह बिलावर नाही, पैसे आल्यावर. तेही तिमाहीला. आणि ९० दिवसांच्या वर थकबाकी गेली तर आधी दिलेलं कापून घेतात. इथे मी स्टेशनवाल्यांची बाजू पण समजू शकतो, आमच्या बाजारात असे शेठ आहेत जे जाहिरातीचं बिल सगळ्यात शेवटी देतात, वर कॅशियर बाहेरगावी गेलाय हे कारण वर्षभर पुरवतात. काही दुकानं बुडवतात पण. म्हणून सेल्समनने उधारी बघून धंदा आणावा हे मान्य. पण मग उधारी द्यायची का नाही हे ठरवायचा अधिकार पण त्याच्याकडे हवा ना? तो तर मुंबईतून ठरतो. क्रेडिट मंजूर करणार मुंबईचं फायनान्स, बिलात चूक करणार मुंबईचं बिलिंग, टीडीएसच्या दोन टक्क्यांचा घोळ दोन अकाऊंटंटांचा, आणि त्या घोळात चार महिने पेमेंट अडकलं की पगार कापणार नाशिकच्या पोराचा. वर तोच पोरगा जो काल हसून नवीन कॅम्पेन सुचवत होता तो आज दुकानाच्या दारात उभा राहून चेक मागतोय. एकाच तोंडाने दोन्ही कामं करायला लावली की दोन्ही बिघडतात, साडी दाखवणाऱ्याला मी कधी उधारी वसूल करायला पाठवत नाही, त्याला वेगळा माणूस आहे.

तिसरी, आणि मला सगळ्यात खटकलेली. अकाऊंट मोठं झालं की काढून घेतात. त्या मुलीने एका ज्वेलर्सला शून्यापासून रेडिओवर आणलं, वर्षभर मागे लागून. ज्वेलरने दुसऱ्या शहरात शाखा काढली आणि लगेच ते अकाऊंट "की अकाऊंट" झालं, बघणार मुंबई-पुण्याची टीम. टार्गेटमधून तेवढा आकडा कमी केला का? अजिबात नाही, उलट पुढच्या वर्षी वाढवला, कारण मागच्या वर्षी तू एवढं केलं होतंस ना. ज्या दिवशी हे झालं त्याच दिवशी तिने बिल्डरला हो म्हणलं असणार, असा माझा अंदाज आहे, तिने स्पष्ट सांगितलं नाही.

आता माझ्या दुकानातलं सांगतो, बढाई म्हणून नाही, तुलना म्हणून. मामांना फिक्स पगार आहे, घर चालेल इतका. त्यावर विक्रीवर कमिशन, पहिल्या साडीपासून. जुना माल, रंग मागे पडलेला, त्यावर पीसमागे जास्त. हिशोब महिन्याच्या महिन्याला, वहीत, त्यांना दिसेल असा, त्यांचं त्यांनी पण लिहून ठेवलेलं असतं आणि दोन्ही वह्या जुळतात. लग्नकार्य, शाळेची फी असली की उचल. दिवाळीला बोनस. आणि मामांचं गिऱ्हाईक मामांचंच, ते कितीही मोठा बस्ता बांधू दे, मी मधे जाऊन बसत नाही. यात काही विशेष अक्कल नाही, बाजारातली सगळी जुनी दुकानं हेच करतात. अमेरिकेतल्या लोकल रेडिओमध्ये तर म्हणे सेल्सवाला मुख्यतः कमिशनवरच जगतो आणि नवीन असताना त्याला आगाऊ रक्कम देऊन नंतर कमिशनमधून वळती करतात, त्याला ते ड्रॉ म्हणतात. आपली उचलच की.

पण मला तेही पूर्ण पटत नाही, नुसतं कमिशन. नुसत्या कमिशनवरचा माणूस मग मला नको असलेलं पॅकेज गळ्यात मारणार, आज विकलं की त्याचं काम झालं. आमच्या धंद्यात असा एखादा असतो, गिऱ्हाईकाला भुलवून महागाची साडी देतो, आणि ते घर परत दुकानाची पायरी चढत नाही. नवीन गिऱ्हाईक आणलं तर जास्त टक्के आणि तेच गिऱ्हाईक दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी परत आलं तर त्यावरही काहीतरी कायमचं, असं मिश्रण पाहिजे. परत आलेल्या गिऱ्हाईकावर पैसे दिले की माणूस आपोआप लॉग तपासतो, स्पॉट बदलतो, ऑफर संपल्यावर स्वतः फोन करून जाहिरात थांबवतो. आज माझं रिन्यूअल झालं काय, न झालं काय, त्या पोराला काही फरक पडत नाही, कारण तोवर तो तिथे नसणार हे त्यालाही माहिती आहे.

आणि हे होऊ शकतं याचा पुरावा शहरातच आहे. पेपरच्या जाहिरातींचा एजंट बघा. आमचा एजंट वडिलांच्या काळापासून तोच, आता त्याचा मुलगा येतो. पेपरकडून एजन्सीला १५ टक्के कमिशन हा जुना रिवाज, त्यात त्याचं सगळं घर चाललं, ऑफिस झालं, स्कूटरची कार झाली. त्याला आमच्या घरातली लग्नं माहिती, कुठल्या वर्षी पाडव्याला कुठल्या पानावर जाहिरात होती हे माहिती, आजोबांच्या पुण्यतिथीचा फोटो त्याच्याकडेच असतो, आम्ही शोधत बसत नाही. का टिकला? कारण गिऱ्हाईक त्याचं आहे, कमिशन दरवेळी मिळतं, आणि कुणी मुंबईहून येऊन त्याचं खातं काढून घेत नाही. तो काही फार हुशार आहे अशातला भाग नाही, डिझाइन तर भयंकर करतो, पिवळ्यावर लाल. पण तो आहे. फोन केला की तोच उचलतो.

रेडिओवाले म्हणतात आमचे खर्च मोठे, परवडत नाही. असतील. सरकारला उत्पन्नाच्या ४ टक्के फी जाते, बोलीचे पैसे गेलेले असतात, गाण्यांची रॉयल्टी, टॉवरचं भाडं. मोठ्या जाहिराती मोबाइलवर गेल्यात हे पण खरं. पण मग हातात काय उरलं, तर गावातला ज्वेलर, क्लासवाला, हॉस्पिटल, बिल्डर, साडीवाला, म्हणजे आम्हीच. आणि आम्ही पीडीएफ बघून पैसे देणारी जमात नाही. आमच्याकडे माणूस यावा लागतो, बसावा लागतो, दोनदा नाही ऐकून तिसऱ्यांदा यावा लागतो. ऑगस्ट २०२४ मध्ये सरकारने आणखी २३४ शहरांत मिळून ७३० एफएम चॅनेलच्या लिलावाला मंजुरी दिली, छोटी छोटी गावं. तिथे टॉवर उभा राहील, आरजे पण मिळेल, प्रत्येक गावात बोलकी पोरं असतात. गावातल्या कापडवाल्याच्या गादीवर जाऊन बसणारा कोण मिळणार आहे, यावर कुणी विचार केलाय का?

माणसं शोधतात पण चुकीच्या ठिकाणी. भरतीची जाहिरात बघा त्यांची, ग्लॅमर, सेलिब्रिटी, मीडियात करिअर. त्याने येतो तो आरजे व्हायची इच्छा असलेला पोरगा, त्याला सेल्समध्ये टाकतात, तो सहा महिने ऑडिशनची वाट बघतो आणि जातो. त्यापेक्षा मेनरोडला एक चक्कर मारा, भांड्यांच्या दुकानात, मोबाइलच्या काऊंटरला, कॉलेज रोडच्या शोरूममध्ये, तिथे अशी पोरं-पोरी उभी आहेत की समोरचा काय घेणार हे त्याच्या चपला बघून सांगतात. त्यांना इंग्रजी प्रेझेंटेशन येत नसेल. आम्हाला तरी कुठे कळतं.

एक नवीन फाटा अजून. हल्ली सेल्सवाल्यांना रेडिओसोबत आरजेच्या इन्स्टाचं रील पण विकायला लावतात. चांगली गोष्ट आहे, आम्ही घेतलं, चाललंही. पण त्याचं टार्गेट वेगळं, इन्सेंटिव्हचा हिशोब वेगळा, आणि काही दुकानदार सरळ आरजेलाच मेसेज करून परस्पर ठरवून टाकतात. विकणाऱ्याने ओळख करून द्यायची, पैसे दुसरीकडे. मी असं करत नाही, मला ते बरं दिसत नाही, पण करणाऱ्यांना थांबवणार कोण.

आणि सोडून जाताना तरी हिशोब नीट होतो का, तर तेही नाही. मला दोन जणांनी वेगवेगळं सांगितलंय की शेवटच्या तिमाहीचं इन्सेंटिव्ह राहिलं ते राहिलंच. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवे लेबर कोड लागू झालेत, आमच्या सीएने दुकानासाठी समजावून सांगितले तेव्हा कळलं, नोकरी सोडली की दोन कामाच्या दिवसांत वेतन चुकतं करायचं. ऐकून मी म्हणलं वा, झाली पोरांची सोय. पुढे सीए म्हणाला, वेतनाच्या व्याख्येत कमिशन धरलेलं नाही, अशा वगळलेल्या रकमा एकूण कमाईच्या निम्म्याच्या वर गेल्या तर फक्त वरची तेवढी धरतात. म्हणजे ज्याची कमाई कमिशनवर, त्याचाच मोठा भाग नेमका बाहेर. मोठ्या कंपनीने मनात आणलं तर कायद्याशिवायही देता येतं की, मामांच्या आधीचे एक काका गावाला परत गेले तेव्हा वडिलांनी त्यांचा हिशोब एसटीत बसवताना हातात दिला होता.

एवढं सगळं असून मी एफएम बंद केलंय का? नाही. बस्त्याच्या सीझनला शनिवार-रविवार सकाळचे स्पॉट अजून घेतो, मामांचा आवाज अजून वाजतो, फक्त आता पैशाची घासाघीस कमी आणि कागद जास्त करतो. नवीन घेणाऱ्यांनी हे एवढं कराच: आरओवर ऑफर संपायची तारीख स्वतंत्र ओळीत लिहा, बोनस स्पॉट कुठल्या आठवड्यात वाजणार ते लिहून घ्या, नाहीतर ते आषाढात वाजतात, आणि बिलासोबत लॉग आल्याशिवाय चेक काढू नका. सोबत येणारा पोरगा-पोरगी चांगली असेल तर पेमेंट मात्र वेळेवर द्या भो, त्याचं इन्सेंटिव्ह तुमच्या टेबलावर पडलेलं असतं.

गेल्या आठवड्यात स्टेशनच्या मॅनेजरचा फोन होता, २०२७ च्या कुंभमेळ्याचं पॅकेज घेऊन, आत्ता बुक केलं तर रेट लॉक, नंतर दुप्पट होणार वगैरे. पॅकेज वाईट नव्हतं. मी एवढंच विचारलं, माझं अकाऊंट तोवर कोण बघणार, नाव सांगा. म्हणाले, "सर, सध्या ती पोझिशन व्हेकंट आहे, पण टीम बघेल." मी म्हणलं पोझिशन भरली की त्याला घेऊन दुकानात या, चहा पाजतो, मग बोलू.